एका चावीत सुरू झालेली गाडी

गिरडच्या टेकडीखालच्या आमच्या पट्ट्यात प्रेमदासला ओळखत नाही असं घर नव्हतं. घरात कोणी आजारी पडलं, कोणाला विंचू चावला, कोणाचे दिवस भरले की त्यालाच फोन जायचा. गावच्या सेवा मंडळाकडे एक जुनी पेट्रोलची व्हॅन होती. मंडळाचे अध्यक्ष सदाशिवराव यांनी ती कुठल्याशा दात्याकडून मिळवली होती. मागच्या सीटा काढून तिथे स्ट्रेचर बसवलं, पांढरा रंग दिला, दोन्ही बाजूंना तांबड्या अक्षरांत मंडळाचं नाव काढून घेतलं आणि प्रेमदासला तिच्यावर ड्रायव्हर नेमलं.

प्रेमदास बुद्धविहाराजवळच्या वस्तीतला. ज्या घरांनी त्याच्या बापाला अंगणाच्या पुढे कधी बोलावलं नव्हतं, त्या घरांच्या माजघरात तो स्ट्रेचर घेऊन शिरायचा. बायका लगबगीनं भांडी बाजूला करायच्या, वाट द्यायच्या, आणि पेशंट परत आला की कोणी कोणी त्याला चहाही विचारायचं. त्याला या गोष्टीचा अभिमान होता. तो बोलून दाखवायचा नाही, पण त्याची बायको दीपमाला हे ओळखून होती. ती म्हणायची, गाडीची चावी खिशात असली की तुमची चालच वेगळी असते.

गाडी तो जिवापाड जपायचा. सकाळी पुसायचा, चाकांची हवा बघायचा, स्ट्रेचरवरची चादर दीपमालाकडून धुऊन घ्यायचा. त्याला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची सवय होती, पण गाडीत त्यानं कधी खर्रा खाल्ला नाही. पेशंट घ्यायला जाताना चूळ भरून जायचा. सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यातला खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. दवाखान्यात पोचवून तो लगेच परत फिरायचा नाही. पेशंट वॉर्डात जाईपर्यंत सलाईनची बाटली हातात धरून उभा राहायचा.

ज्या वर्षी सगळं बिनसलं, त्या वर्षी मार्चमध्ये गाडीनं पहिल्यांदा दगा दिला. समुद्रपूरहून रिकामी परत येताना भर दुपारी चालता चालता ती एकदम गप झाली. ना धक्का, ना खोकला. कोणीतरी चावी काढून घ्यावी तशी. स्टार्टर फिरत होता, पेट्रोल होतं, पण इंजिन धरत नव्हतं. ती ओढत बंडूजींच्या गॅरेजमध्ये आणली. बंडूजी म्हणजे आमच्या भागातले जुने मिस्त्री. जीपगाड्यांवर त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी प्लगची वायर काढून इंजिनच्या अंगाजवळ धरली आणि प्रेमदासला चावी फिरवायला सांगितली. ठिणगी पडली नाही. थोडं इकडंतिकडं बघून ते म्हणाले की मॉड्यूल गेलं.

जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली पॉइंट असायचे. ते उघडमीट करत कॉइलचा करंट तोडायचे, आणि करंट तुटला की प्लगला ठिणगी पडायची. पॉइंट घासले गेले की मिस्त्री कागदानं साफ करून द्यायचा, गाडी पुन्हा पळायची. या व्हॅनमध्ये पॉइंट नव्हते. करंट तोडण्याचं काम डिस्ट्रिब्यूटरला चिकटवलेली एक चपटी काळी डबी करायची. तेच मॉड्यूल. आत काय चाललंय ते दिसत नाही, आवाज येत नाही, साफ करायला काही नसतं. डबी गेली की नवी टाकायची. बंडूजींनी नागपूरहून नवी मागवून बसवली, आणि गाडी पहिल्यासारखी चालू झाली. एप्रिलभर ती कुठे अडली नाही. फेऱ्या जवळच्याच होत्या, समुद्रपूरपर्यंतच्या.

मे महिन्यात एका दुपारी अण्णाजींच्या घरून फोन आला. अण्णाजी गावातले बऱ्यापैकी शेतकरी, बोलायला मोजके, देण्याघेण्यात सरळ. त्यांची बायको कोकिळा. ज्या दोन-चार घरांत प्रेमदासला चहा आतून, तिच्या हातचा मिळायचा, त्यातलं हे एक. तो पोचला तेव्हा कोकिळाबाई खाटेच्या माचव्याला टेकून खाली बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, अंगावरचं लुगडं घामानं भिजलेलं. छातीत कळ येत होती. मुलगा आदेश नागपूरला नोकरीला होता. त्याला फोन केलाय, तो परस्पर सेवाग्रामला येतोय, एवढं अण्णाजींनी सांगितलं. दोघांनी मिळून बाईंना गाडीत घेतलं. अण्णाजी मागे त्यांच्याजवळ बसले.

ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं. प्रेमदासनं गाडी दाबूनच चालवली. बाई मध्येच म्हणाल्या, "प्रेमदास, काच थोडी खाली कर बापा." त्यानं काच खाली केली तर आत वाफ आली. जाम चौरस्ता मागे पडला. कांढळी अजून पुढे होती, आणि दोन्हीकडे नुसती नांगरलेली काळी वावरं. तिथे गाडी गप झाली.

ती मार्चसारखीच बंद पडली. तशीच, एकदम.

त्यानं उतारावर धक्का देऊन पाहिलं. स्टार्टर मारला, मारला, मारला. मग ड्रायव्हरची सीट उचलली. या गाडीचं इंजिन सीटखालीच असतं. झाकण काढल्याबरोबर भट्टीसारखी धग तोंडावर आली. त्यानं प्लगची वायर उपसून इंजिनजवळ धरली आणि अण्णाजींना हाक मारली की पुढे या, चावी फिरवा. अण्णाजी पुढे आले. त्यांनी चावी फिरवली. दोघंही त्या वायरीच्या टोकाकडे बघत होते. ठिणगी नव्हती. पुन्हा फिरवली. नव्हती.

मागून कोकिळाबाईंचा कण्हण्याचा आवाज येत होता.

प्रेमदासनं सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तिकडून ॲम्ब्युलन्स निघाली, पण ती लांबून येणार होती. मग तो पळत पुढच्या वळणावरच्या पानठेल्यापाशी गेला, कारण तिथे गतिरोधक होता आणि येणारी गाडी हळू व्हायची. तिथे उभा राहून त्यानं हात केले. एक कार गेली, एक ट्रक गेला. शेवटी रिकामे क्रेट घेऊन चाललेला एक पिकअपवाला थांबला. क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवून त्यांनी बाईंना स्ट्रेचरसकट मागे चढवलं. प्रेमदास स्ट्रेचर धरून बसला, अण्णाजींनी पंचा बाईंच्या डोक्यावर धरला. सेवाग्राम दिसायला लागण्याआधीच कोकिळाबाई गेल्या. प्रेमदासला ते हाताला कळलं. त्यानं अण्णाजींना सांगितलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनीच सांगितलं.

संध्याकाळी बंडूजी मंडळाच्या माणसाबरोबर गाडी ओढून आणायला गेले. दोर बांधायच्या आधी त्यांनी सहज चावी फिरवली. गाडी एका चावीत सुरू झाली. कांढळीच्या रस्त्यावरून ती आपल्या पायांनी गावात आली आणि मंडळाच्या दारात उभी राहिली, इंजिन चालू, गुरगुरत. ती तशी येताना अर्ध्या गावानं पाहिली.

तेव्हापासून लोक एकच विचारायला लागले. गाडी चालू आहे, मग तेव्हा बंद कशी होती?

दिवसकार्य झाल्यावर मंडळाच्या अंगणात बैठक बसली. पानठेल्यावाल्याकडून कोणीतरी विचारून आलं होतं. तो म्हणाला, हो, ड्रायव्हर माझ्या ठेल्यापाशी उभा होता, बराच वेळ. आदेश म्हणाला की हा खर्रा खायला थांबला, आई तडफडत होती आणि हा खर्रा घोटून घेत होता. प्रेमदासनं सगळं सांगितलं, ठिणगीचं, वायरीचं, फोनचं. सदाशिवरावांनी बंडूजींना विचारलं. बंडूजी म्हणाले की मॉड्यूल मी नवं टाकलं होतं, आता ते जायचं काही कारण नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग सदाशिवराव अण्णाजींकडे वळले. गाडीत तेच होते. प्रेमदासही त्यांच्याकडे बघत होता. चावी त्यांच्याच हातात होती. आता ते बोलतील आणि हे संपेल, याची त्याला खात्री होती.

अण्णाजी खाली बघत म्हणाले, "बंद पडली म्हणे. मले गाडीतलं काय समजते."

त्या एका 'म्हणे'नं प्रेमदास संपला. आदेशनं उठून त्याची कॉलर धरली, लोकांनी सोडवलं. सदाशिवरावांनी, आवाज न चढवता, चावी टेबलावर ठेवायला सांगितली. त्यानं ठेवली.

पुढं जे व्हायचं ते झालं. ट्रॅक्टरवर, कोणाच्या ट्रकवर, शाळेच्या गाडीवर, कुठंच त्याला काम मिळालं नाही. तोंडावर कोणी नाही म्हणायचं नाही. आता जागा भरली असं सांगायचे. विहिरीवर, किराणा दुकानात, पीठगिरणीत बायका दीपमालाला बघून बोलायच्या थांबायच्या. प्रेमदासनं खर्रा सोडला, पण त्याचाही लोकांनी उलटाच अर्थ लावला. शेवटी दोघांनी गाव सोडलं. हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या गेटवर त्याला चौकीदारी मिळाली. जवळच एक खोली घेतली. दीपमाला दोन घरचा स्वयंपाक करू लागली.

गावच्या लोकांनी त्याच्याबद्दल काय मानलं, ते त्यानं कसंबसं पचवलं. वाईट हे झालं की हळूहळू त्याचाच स्वतःवरचा भरवसा गेला. गाडी बंडूजींच्या हातात एका चावीत सुरू झाली होती, हे तर खरंच होतं. मग आपलंच काही चुकलं असेल. स्टार्टर मारून मारून पेट्रोल जास्त झालं असेल. वायर नीट धरली नसेल. एखादी तार हलली असेल आणि आपल्याला दिसली नसेल. गेटवर बसल्या बसल्या तो ती दुपार पुन्हा पुन्हा उलगडायचा, आणि दर वेळी स्वतःला थोडा जास्त दोषी ठरवून उठायचा. गेटसमोरून गाडी जाताना आवाज ऐकू आला तरी मान वर करायचा नाही.

पाच वर्षांनी, पुन्हा मे महिन्यातच, जिनिंगच्या फाटकासमोर एक हिरवी व्हॅन येऊन बंद पडली. आत बिछायतीच्या गाद्या आणि कापडी मंडपाच्या कनाती कोंबल्या होत्या. एक बाई उतरली आणि सावली बघून गेटच्या ओट्यावर बसली. तिचं नाव अंजू. ती आणि तिचा भाऊ लग्नाकार्याला बिछायत भाड्यानं देत. तिला घाई दिसत नव्हती. प्रेमदासनं पाणी दिलं तेव्हा म्हणाली, "हे असंच करते, दादा. ऊन लागलं की झोपते. अर्ध्या घंट्यानं आपली आपण चालू होते."

प्रेमदास गाडीकडे गेला. रंग नवा होता, पण मागचं दार उघडल्यावर खालच्या पत्र्यात त्याला भोकं दिसली, ओळीनं. स्ट्रेचरची पट्टी ठोकलेली भोकं. ती त्यानं स्वतः पाडून घेतली होती.

थोड्या वेळानं अंजूनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली. प्रेमदासनं तिला विचारलं की तुम्ही ही दाखवता कोणाला. ती म्हणाली, बाजारात प्रभाकरराव म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, उद्या त्यांच्याकडे टाकणार आहे. दुसऱ्या दिवशी प्रेमदास ड्यूटी बदलून तिथे जाऊन बसला.

प्रभाकरराव जाड चष्मा घालणारे, कमी बोलणारे, थोडे चिडके गृहस्थ होते. त्यांनी डिस्ट्रिब्यूटर काढून टेबलावर शिकंज्यात पकडला, बॅटरी आणि कॉइल जोडली, आणि दांडा हातानं फिरवायला सुरुवात केली. वायरीच्या टोकाला टिक, टिक, टिक, निळी ठिणगी पडू लागली. मग त्यांनी वायरींवर नळी आवळायची गरम हवेची मशीन घेतली आणि मॉड्यूलवर धरली. दांडा फिरत होता. काही वेळ ठिणगी पडत राहिली. मग एक चुकली. मग दोन. मग काहीच नाही. दांडा फिरतोय आणि वायरीचं टोक कोरडं.

त्यांनी ओलं फडकं मॉड्यूलवर ठेवलं. थोड्या वेळानं टिक, टिक सुरू झालं.

"परत करा," प्रेमदास म्हणाला.

त्यांनी परत केलं. तसंच झालं. त्यानं आणखी एकदा सांगितलं तेव्हा प्रभाकररावांनी चष्म्यावरून बघितलं. पण त्याचा चेहरा बघून तिसऱ्यांदाही केलं. प्रेमदास वायरीच्या टोकाजवळ तोंड नेऊन बघत होता. जामच्या पुढच्या रस्त्यावर त्यानं हेच टोक हातात धरलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग प्रभाकररावांनी मॉड्यूलचे दोन स्क्रू काढले, डबी उलटी केली आणि नाक मुरडलं. पाठ कोरडी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत होती. त्यांनी समजावून सांगितलं की ही डबी काम करताना सारखी तापते. तिची गरमी खालच्या धातूत उतरली पाहिजे, म्हणून दोघांच्या मध्ये एक पांढरी पेस्ट लावायची असते. नव्या मॉड्यूलच्या खोक्यात तिची पुडी येते. पेस्ट नसली की मध्ये हवा राहते, गरमी जायला वाट नसते, आणि डबी स्वतःच्याच तापानं आतून भाजत राहते. आतला जोड सैल होतो. गार असताना तो चिकटलेला असतो, तापला की सुटतो, परत गार झाला की चिकटतो. म्हणून गाडी रस्त्यात बंद आणि गॅरेजात चालू.

"कोनं बसवलं हे?" त्यांनी विचारलं.

प्रेमदासनं बंडूजींचं नाव घेतलं नाही. जुनं मॉड्यूल मला द्या, एवढंच म्हणाला. अंजूला त्याचं काही नव्हतं, तिनं दिलं.

पुढच्या रविवारी तो गावी गेला. आधी बंडूजींकडे. त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू होता, गॅरेजात पंक्चरचंच काम उरलं होतं. त्यांनी मॉड्यूल बोटांनी चाचपलं. पुडीबद्दल विचारल्यावर त्यांनी आठवायचाही फार प्रयत्न केला नाही. म्हणाले, असेल एखादी पुडी, ओल धरू नये म्हणून खोक्यात टाकतात तशी वाटली असेल, फेकली असेल. आणि जुनी पांढरी घाण तर मीच पेट्रोलनं पुसून काढली असेल, आपल्याला काम साफ लागते. मग हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ती एका गाडीची गोष्ट होती. प्रेमदासला मात्र त्यांच्यावर रागावताही येईना.

तिथून तो अण्णाजींकडे गेला. अण्णाजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. गुडघे गेले होते, काठीशिवाय उठता येत नव्हतं. आदेश नागपूरची नोकरी सोडून आता शेती बघत होता. तो वावरात होता. प्रेमदासनं मॉड्यूल त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, ठिणगी, गरम हवा, ओलं फडकं. अण्णाजींनी ते हातात घेतलं नाही.

"अण्णाजी, चावी तुमच्या हातात होती."

"होती."

"ठिणगी नाई पडली, हे तुम्ही पाह्यलं."

"पाह्यलं."

"मंग बैठकीत बोल्ले काऊन नाई?"

अण्णाजींनी नजर समोरच्या रस्त्याकडे वळवली. मग, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं, सांगू लागले. त्या दिवशी त्यांच्या वावराची मोजणी होती. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून जुना वाद, आणि मोजणीवाला किती खेपांनी एकदाचा आला होता. कोकिळाबाईंनी सकाळीच छातीत दुखतं म्हणून सांगितलं. अण्णाजींना वाटलं पित्त असेल. वावरात गेल्यावर बाईंचा निरोप आला. नंतर दुसरा निरोप आला. शेजारी बघत होता, मोजणीची साखळी अर्ध्यात होती. धुरा सोडून घरी जायचं त्यांना जड गेलं. मोजणी झाल्यावर ते घरी आले आणि मग फोन केला.

"दोन निरोप धाडले तिनं," अण्णाजी म्हणाले. "मी धुऱ्यावर उभा होतो. हे आदेशले माहीत नाई. बैठकीत मी गाडीचं सांगतलं असतं, तं कोनीतरी विचारलं असतं का निंघायले इतका उशीर काऊन झाला. तुह्यावर आलं म्हनून माह्यावर नाई आलं."

प्रेमदासनं ओट्यावरचं मॉड्यूल उचलून खिशात टाकलं.

"आता तुले जे करायचं ते कर," अण्णाजी म्हणाले. "मी ना नाई म्हनत." मग त्यांनी आत हाक मारून सुनेला, समीक्षाला, चहा ठेवायला सांगितलं. प्रेमदास निघाला. चहाला थांबला नाही.

दीपमालानं सगळं ऐकून घेतलं आणि चूल विझवून उठली. तिचं म्हणणं सरळ होतं: आत्ता गावात जायचं, चौकात उभं राहायचं, आणि दोन्ही गोष्टी सांगायच्या, गाडीचीही आणि मोजणीचीही. प्रेमदास म्हणाला की गावाला नाही, आदेशला सांगीन. गाव आदेशच्याच तोंडानं बोलत होतं. सदाशिवरावांकडे जाऊन उपयोग नव्हता. मंडळानं गाडी त्याच पावसाळ्यात विकून टाकली होती, आणि त्या प्रकरणाची कोणाला आठवणही काढायची नव्हती.

आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा गेला, आणि दिवाळीनंतर कापूस यायला लागला. एका सकाळी जिनिंगच्या गेटबाहेर ट्रॉल्यांच्या रांगेत त्याला आदेश दिसला, ट्रॅक्टरवर बसलेला. प्रेमदास बाहेर गेला. आदेशनं त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. तरी तो जवळ गेला. पाच मिनिटं ऐकून घे म्हणाला. आणि त्यानं गाडीचं सांगितलं. खिशातून मॉड्यूल काढून दाखवलं, पेस्टचं सांगितलं, प्रभाकररावांचं नाव दिलं, आत्ता बाजारात जाऊन विचार म्हणाला. वायर आपण धरली होती आणि चावी अण्णाजींनी फिरवली होती, हेही सांगितलं.

आदेशनं ऐकलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर राग सोडून दुसरं काहीतरी दिसलं, जरासं. तो ट्रॅक्टरवरून थोडा खाली वाकला.

"चावी बाबानं फिरवली?"

"हो."

"मंग बाबा काऊन नाई बोल्ले?"

उत्तर प्रेमदासच्या तोंडात होतं. मोजणी, धुरा, दोन निरोप. आदेश वाट बघत होता, खरोखर वाट बघत होता. आणि प्रेमदासला ओट्यावर काठी घेऊन बसलेले अण्णाजी दिसले, ज्यांना आता पाण्याचा तांब्याही सुनेच्या हातूनच घ्यावा लागत होता. हे ऐकल्यावर आदेश घरी जाऊन काय करेल, ते त्याला दिसलं. त्यानं तोंड उघडलं आणि काहीच बोलला नाही.

मागच्या ट्रॉलीवाल्यानं हॉर्न दिला. आदेश थोडा वेळ तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर आलेलं ते काहीतरी गेलं आणि जुनंच परत आलं. "अजूनही तेच लावून राह्यला," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला.

त्या दिवशी तो गप्प का राहिला, हे प्रेमदासनं मला नंतर सांगायचा प्रयत्न केला. म्हातारपणी एका माणसाचं घर मोडू नये, असं आधी म्हणाला. मग स्वतःच थांबला. म्हणाला, माझा बाप त्या घराच्या अंगणात उभा राहून हो जी, हो जी करायचा. तेच माझ्या जिभेवर आलं असेल. ती दया होती की सवय होती, त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

दीपमालाला ठरवायची गरज वाटली नाही. "त्या म्हाताऱ्याची काळजी करनारे तुम्ही कोन? त्यानं तुमची केली?" एवढं ती म्हणाली, आणि बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मॉड्यूल तिनं भंगारवाल्याला देऊन टाकलं. प्रेमदासनं हरकत घेतली नाही.

अण्णाजी पुढच्या उन्हाळ्यात गेले. ती बातमी गेटवरच कळली, गावच्या एका ट्रकवाल्याकडून. आता मोजणीचं सांगितलं तरी कोणाचं घर मोडणार नव्हतं. पण गाडीत काय घडलं हे पाहिलेला दुसरा माणूस म्हणजे अण्णाजीच, आणि त्यांच्या शब्दाशिवाय आदेशनं प्रेमदासवर विश्वास ठेवावा असं काही उरलं नव्हतं. मेलेल्या माणसावर ढकलतो, एवढंच लोक म्हणाले असते. प्रेमदास मयतीला गेला नाही.

कापसाच्या हंगामात आदेशची ट्रॉली अजून येते. प्रेमदास फाटक उघडतो, ट्रॉली आत जाते, आणि तो पुढच्या ट्रॉलीला हात करतो.